अस्तराची शिवण

९ फेब्रुवारी

वन्सं,

‘ताई म्हण’ असं तुम्ही लग्नापासून सांगताय. पण वन्सं म्हटल्यावर तुमच्या कपाळाला जी आठी पडते ती मला इथून दिसते, म्हणून मी म्हणणारच. फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि ही बातमी ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून कागद घेतला. खाली दुकानात कायम चार बायका बसलेल्या असतात. मी ओरडले तर तुमच्या आधी सगळ्या गल्लीला कळेल.

तर ऐका. आपली ठिपकी ताई होणार आहे. चौथा महिना चालू आहे. तुमचा भाऊ बातमी ऐकून ‘बरं’ म्हणाला आणि कामावर गेला. दोन तासांनी परत आला, शटरपाशी उभा राहून ‘खरंच?’ म्हणाला. तुम्हीच वाढवलंय त्याला, तुम्हीच सांभाळा.

आता महत्त्वाचं. ह्या वेळी मला पोट कापून घ्यायचं नाही. ठिपकीच्या वेळी मला भूल दिली, जागी झाले तेव्हा पोट रिकामं होतं आणि पोरगी कुठल्यातरी काचेच्या पेटीत. अकरा दिवस मी तिला हातात घेतलं नाही. चार वर्षं झाली, पण ती मी जन्माला घातली असं मला अजून आतून वाटत नाही. कुणीतरी आणून दिली असं वाटतं. हे मी कुणाला बोलले नव्हते. तुम्हाला बोलतेय.

इथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. व्रण बघून म्हणाल्या, आडवा आहे, खाली आहे, छान भरलाय. अशा पुष्कळ जणी दुसऱ्या वेळी कळा येऊन व्यवस्थित बाळंत होतात. जुने कागद आणा, मग बघू म्हणाल्या. मला तर कागदाचीही गरज वाटत नाही. बारा वर्षं कपडे शिवतेय. शिवण बघून कापड कसं कापलं होतं ते मी झोपेत सांगेन.

लवकर लिहा. आणि मोजे विणायला घेऊ नका, मागचे दोन्ही एकाच पायाचे होते.

तुमची टाचणी


१७ फेब्रुवारी

प्रिय टाचणी,

बातमी वाचली आणि शेजारणीला मिठी मारली. आमचं गेल्या वर्षापासून बोलणं बंद होतं, ते तुझ्यामुळे सुरू झालं. बिचारी अजून बावरलेली आहे.

मोज्यांबद्दल एक शब्द बोलायचा नाही. घेतलेत विणायला.

तब्येतीला जप. मशीन पायाने चालवू नकोस, मोटर लावून घे. कापडाचे गठ्ठे उचलायचे नाहीत. तुझ्या नवऱ्याला दोन हात आहेत, तोंड नसलं म्हणून काय झालं. व्रणाच्या वरची कातडी ताणली की खाज सुटेल, तेल लाव, नखं लावू नकोस. शिंक आली तर उशी पोटाशी धर.

आणि डॉक्टरांना सगळं नीट सांगितलंस ना? ठिपकी कितव्या महिन्यात झाली, कशी झाली, सगळं? जुन्या इस्पितळातून नुसतं डिस्चार्ज कार्ड आणून चालणार नाही. ऑपरेशनची नोंद असते, ती मागव. मी तिथून निवृत्त झाले असले तरी रेकॉर्ड खोलीतले कारकून ओळखीचे आहेत. तू अर्ज पाठव, पुढचं मी बघते.

कळा वगैरे इतक्यात मनात धरू नकोस गं. मूल कसं का होईना, आपलंच असतं. बाकी भेटीअंती.

तुझी नणंद (वन्सं म्हणशील तर याद राख)


८ मार्च

वन्सं,

तुम्ही ‘भेटीअंती’ कधीपासून लिहायला लागलात? तुमचं काहीही भेटीपर्यंत थांबत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. बरं वाटत नाहीये का? गुडघे?

मोटर लावून घेतली. डिस्चार्ज कार्ड सापडलं, त्यावर फक्त ‘सिझेरियन’ आणि तारीख. तेच दाखवलं. अर्जाच्या भानगडीत पडले नाही.

आता एक गंमत सांगते. ठिपकीनंतर वर्षभर मला कुठलीच पँट चालेना, कमरपट्टा नेमका व्रणावर यायचा. व्रणाच्या वर दोन बोटं जागा अजून बधिर आहे, तिथे हात लावला तर दुसऱ्याच्या पोटाला लावल्यासारखं वाटतं. म्हणून मी स्वतःसाठी उंच, मऊ पट्टीची पँट शिवली. ती एका गिऱ्हाईक बाईने बघितली, पडद्यामागे गेल्यावर हळूच म्हणाली, मलापण तशीच. मग तिची जाऊ आली. मग जावेची मैत्रीण. आता माप घेताना मी सरळ विचारते, उभा का आडवा? आडवा असेल तर पट्टी वर नेते, उभा असेल तर बटण कडेला सरकवते. नाहीतर बेंबीखाली ते टोचत राहतं. पडद्यामागे बायका काय काय सांगतात म्हणून सांगू! एकीने नवऱ्याला सात वर्षं दिवा लावून पोट दाखवलं नाही. एक म्हणाली, मला तो आवडतो, माझा एकटीचा आहे. मला माझा आवडत नाही. पण रागही येत नाही हल्ली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पहिलं कितव्या महिन्यात? मी म्हटलं, आठवा भरत आला होता. रागावू नका. सातवा नुकताच लागला होता असं सांगितलं असतं तर त्या घाबरल्या असत्या आणि माझा एवढा एक हट्ट मोडला असता. दीड-दोन महिन्यांचा तर फरक. व्रण आडवा आहे हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. त्या म्हणाल्या, पुढच्या महिन्यात ठरवून टाकू, कळांची वाट बघायची.

मी इतकी खुश आहे वन्सं! ठिपकीच्या फ्रॉकला उलटी बाही लावली आणि ती तशीच घालून हिंडली.

तुमची टाचणी


१२ मार्च

टाचणी,

तुझं पत्र आत्ता दुपारी आलं. आधी तुझ्या नवऱ्याला फोन केला. त्याचं मला काही ऐकू आलं नाही, पण माझं त्याला गेलंय: हे पत्र हातात पडेपर्यंत डॉक्टरांकडे काहीही ठरवायचं नाही. कारण विचारत होता बहुतेक. सांगितलं नाही. ते आधी तुला कळायला हवं.

बसून वाच.

तुझी वरची शिवण आडवी आहे. आतली नाही.

पोटावरची कातडी आणि गर्भपिशवी, हे दोन निरनिराळे छेद असतात गं. वरचा व्रण बघून आतलं काही कळत नाही. एरवी आतला छेदही आडवाच घेतात, पिशवीच्या खालच्या पातळ भागात. तो भाग कळांमध्ये फार जोर लावत नाही, चांगला भरतो. तसा असला तर तुझा हट्ट मीच पुरवला असता. पण सातव्याच्या सुरुवातीला तो खालचा भाग नीट तयारच झालेला नसतो. त्यात ठिपकी आडवी पडलेली. म्हणून डॉक्टरांनी पिशवी वरच्या जाड भागात उभी कापली. कळा आल्या की तोच भाग आवळतो. तिथली शिवण कळांमध्ये फाटू शकते, कधीकधी कळांच्या आधीही. मग आई आणि बाळ दोघांनाही वाचवायला फार थोडा वेळ असतो. तीस वर्षांत मी ते एकदा बघितलंय. त्याबद्दल लिहिणार नाही.

मला कसं माहीत, असं तू विचारशील. मी तिथेच होते. हत्यारं माझ्याच हातून गेली. नंतर डॉक्टर मला म्हणाले, सिस्टर, तुमच्या घरातलीच आहे, जरा सावरली की तुम्हीच समजावून सांगा, पुढच्या वेळी कळा येऊ द्यायच्या नाहीत. मी हो म्हटलं.

नवव्या दिवशी सांगायला आले होते. तू काचेच्या पेटीशी बसली होतीस. माझ्याकडे न बघताच म्हणालीस, ‘ताई, पुढचं तरी मी माझं मी करीन.’ मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि परत गेले. मग उद्या सांगू, परवा सांगू. मग तुझ्या नवऱ्याची बदली झाली, तुम्ही गेलात. मग वाटलं, ह्यांना आता दुसरं काही व्हायचं नाही, कशाला उगाच. आणि खरं सांगू? मला भीती वाटली की त्यानंतर तू मला नणंद म्हणून बघणार नाहीस, त्या टेबलाशी उभी असलेली बाई म्हणून बघशील.

वर तुझा व्रण किती नाजूक म्हणून सगळ्यांत जास्त कौतुक मीच केलं. माझ्याच तोंडाने तू फसलीस. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाही धीर झाला नाही, वाटलं, नोंद आली की तिच्यातूनच तुला कळेल.

डॉक्टरांना खरं सांग. आजच सांग. मला काय बोलायचं ते नंतर बोल.

तुझी नणंद


२ एप्रिल

टाचणी,

तीन आठवडे झाले. तुझा नवरा फोनवर ‘ठीक आहे’ एवढंच ओरडतो. चार वेळा ओरडला, चारही वेळा तेच.

काल न राहवून जुन्या इस्पितळात गेले. रेकॉर्ड खोलीतला कारकून म्हणाला, सिस्टर, तुम्ही कशाला आलात, पेशंटचा सहीचा अर्ज गेल्याच आठवड्यात आला, नक्कल टपालात पडलीसुद्धा. मी तिथल्या स्टुलावर बसले आणि रडले. त्याने मला पाणी दिलं. म्हणजे तू वाचलंस. तेवढं पुरे आहे मला.

नकलेतली नोंद माझ्या अक्षरातली आहे, तुला ओळखू येईल. ‘गर्भपिशवीवर उभा छेद’. मीच लिहिलं आणि मीच चार वर्षं तोंडाला कुलूप लावलं.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. खाणंपिणं सांभाळ.

तुझी नणंद


१४ एप्रिल

ताई,

आज वन्सं म्हणावंसं वाटत नाही.

तुमचं पत्र मी नऊ दिवस कापडाच्या ठाणाखाली ठेवलं. नवऱ्याला म्हटलं, तुझ्या बहिणीचं नाव काढायचं नाही. त्याने काढलं नाही, त्याला काय, सोपंच आहे ते. दहाव्या दिवशी एका बाईची पँट मी तिरकी कापली. बारा वर्षांत पहिल्यांदा. कात्री खाली ठेवली, दुकान बंद केलं आणि डॉक्टरीणबाईंकडे गेले.

खरं सांगितलं. सातव्याचं सांगितलं, तुमचं पत्रही दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, तुम्ही मला महिना खोटा सांगितलात आणि मी व्रणावर विसंबले, दोघींचंही चुकलं. अर्ज त्यांनीच तिथे बसवून लिहून घेतला. नक्कल आली तेव्हा तारीख धरली. चार जुलै, कळा सुरू व्हायच्या आधी. त्याआधी पोटात जरा काही वेगळं वाटलं, रक्त दिसलं, तर एक मिनिट न थांबता यायचं. मी इस्पितळापासून दहा मिनिटांवर राहते म्हणून बरं.

म्हणजे कळा मला ह्या जन्मी येणार नाहीत. ठीक आहे. त्याबद्दल मी दोन दिवस रडले, ते आता झालं.

पण तुमच्यावरचा राग गेलेला नाही. कोटाला अस्तर लावतात तेव्हा अस्तर वेगळं बेततात, वेगळं कापतात, वरून काही दिसत नाही. मी, मी शिंपीण, मला हे सुचू नये? मूर्ख तर मी आहेच. पण तुम्हाला माहीत होतं. मी तुमच्यासमोर ‘माझा व्रण आडवा’ म्हणून मिरवत होते आणि तुम्ही मोजे विणत होता. तुम्हाला मी आईच्या जागी धरलं होतं. त्या भरवशावर मी पोटातलं पोर घेऊन मरायला निघाले होते, ताई.

चार जुलैला तुम्ही येऊ नका. मला तुम्ही तिथे नको आहात.

एक मात्र करा. त्या दिवशी काय झालं ते सगळं लिहा. मला भूल होती. माझ्या पोरीचा जन्म बघितलेलं माणूस माझ्या ओळखीत एकच आहे. काही झाकू नका.

टाचणी


२२ एप्रिल

टाचणी,

येणार नाही. तुझं बरोबर आहे.

आता तो दिवस. दुपारचे सव्वातीन. माझी पाळी संपत आली होती. तुला आणलं तेव्हा अंगावर एप्रन तसाच होता, गळ्यात मापाची टेप. रक्त पुष्कळ गेलं होतं. बाळाचे ठोके कमी होत होते. मी डॉक्टरांना म्हटलं, ही माझी भावजय, दुसरं कुणी असेल तर मी बाहेर थांबते. दुसरं कुणी नव्हतं. मी हात धुतले.

भूल द्यायच्या आधी डॉक्टर तुला समजावून सांगत होते, घाईत कापावं लागेल, कसं कापावं लागेल ते उघडल्यावर कळेल. तुला आठवत नसणार. तू त्यांचा कोट धरलास आणि म्हणालीस, ‘कसंही कापा. पण तिला आधी काढा.’ मुलगी आहे हे कुणाला माहीत नव्हतं. तू ‘तिला’ म्हणालीस. जी बाई अर्ध्या बोटाने शिवण सरकली तर सगळं उसवून पुन्हा शिवते, ती ‘कसंही कापा’ म्हणाली. 

वरची कातडी आडवी उघडली. आत बघितलं तर पोरगी आडवी, पाठ खाली, खालून काढायला जागाच नाही. डॉक्टर म्हणाले, उभा. पिशवी उघडली आणि तिचा एक पाय वर आला. माझ्या करंगळीएवढा. मग दुसरा. पायाकडून काढली तिला. माझ्या हातातल्या कापडात ठेवली, तर कापड जड का पोरगी जड ते कळेना. निळी होती. रडेना. मी पाठ चोळली. बालडॉक्टरांनी नाक-तोंड साफ केलं. आणि मग ती रडली कसली, म्यांव केलं. इतकी एवढीशी म्हणून मीच म्हटलं, ही तर ठिपका आहे.

तुला टाके घालायला तासभर लागला. आतले तीन थर. मी सगळा वेळ तिथेच होते, पोरीमागे गेले नाही. तिच्याजवळ माणसं होती. तुझ्याजवळ घरचं असं मीच होते.

ती तुला कुणी आणून दिलेली नाही, बाई. तू शुद्धीत, डोळे उघडे ठेवून, ती मागून घेतलीस. हे मी तुला नवव्या दिवशी सांगायला हवं होतं, त्या दुसऱ्या गोष्टीबरोबर. एक झाकायला गेले आणि हेही तुझ्यापासून चार वर्षं अडवून ठेवलं. ह्याबद्दल मला माफ केलं नाहीस तरी मी काही म्हणणार नाही.

सगळं लिहिलं. काही झाकलेलं नाही.

तुझी नणंद


११ जुलै

वन्सं,

मुलगा. चार तारखेला सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी. रडला तो असा, की बाहेर बसलेल्या तुमच्या भावाने दारावर थाप मारून विचारलं, काय करताय त्याला? त्याचं आयुष्यातलं सगळ्यांत लांब वाक्य.

ह्या वेळी कमरेखालीच भूल होती. मी जागी होते. ओढाताण कळत होती, दुखत नव्हतं. पडद्यापलीकडे डॉक्टरीणबाई कुणाला तरी म्हणाल्या, दिवा जरा जवळ आणा. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाल्या, जुनी शिवण एका जागी इतकी विरलीय की आतल्या बाळाचे केस दिसताहेत. विरलेल्या कापडातून प्रकाश येतो तसं असणार, मला लगेच डोळ्यांपुढे आलं. त्या म्हणाल्या, कळांची वाट बघितली असती तर आपण दोघी आज अशा बोलत नसतो.

मग त्याला माझ्या छातीवर ठेवला. ओला, गरम, चिकट. माझी हनुवटी त्याच्या डोक्याला लागत होती. मला वाटलं होतं मी कळांसाठी रडेन. मी रडले ते तुमचं पत्र आठवून. ‘कसंही कापा’ हे मी म्हटलं होतं, हे मला तुम्ही सांगितलं नसतं तर कोण सांगणार होतं? घरी आल्यावर ठिपकीला मांडीशी बसवून मी तिला व्रण दाखवला. म्हटलं, इथून मी तुला काढलं. ‘मी काढलं’ असं म्हटलं. पहिल्यांदा. ती म्हणाली, जिप लावली असतीस तर पुन्हा पुन्हा कापायला लागलं नसतं. तुमचीच भाची.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलंय, छेद कुठे, कसा, टाके किती, आणि ह्यापुढे मूल नको. एक नक्कल माझ्याकडे, एक तुमच्या भावाकडे. ठिपकी मोठी झाली की तिलाही दाखवणार. आमच्या घरात आता बायकांच्या पोटातलं बायकांपासून कुणी लपवायचं नाही.

राग सगळा गेलाय असं नाही, वन्सं. मधेच उठतो. तुमचं पत्र ठाणाखाली होतं त्या नऊ दिवसांतलं काहीतरी आठवतं आणि तुमच्याशी मनात भांडते. पण भांडून झालं की कुणाला सांगावं असं वाटतं, तर तुम्हीच आठवता. आता समोर बसवून भांडायचंय.

टाके ओढतात. खोकला आला की डोळ्यांपुढे तारे येतात. वाकता येत नाही, अडीच किलोच्या वर काही उचलायचं नाही, आणि हा जन्मतःच पावणेतीन किलो. त्याला न्हाऊ घालायचं म्हणजे वाकायला हवं. तुमचा भाऊ तयार झाला होता. बाळाकडे बघितलं, टबाकडे बघितलं आणि ‘नको’ म्हणाला. शेजारच्या दोघी मदतीला यायला तयार आहेत. मी त्यांना नाही म्हटलंय. माझ्या पोराला न्हाऊ घालणारे हात ठरलेले आहेत.

सकाळची गाडी पकडा. इस्पितळातून आल्यापासून ओल्या कापडाने नुसतं पुसतोय त्याला. तुम्ही येईपर्यंत आम्ही पोराला असाच पारोसा ठेवणार आहोत, तेव्हा काय ते ठरवा.

तुमची टाचणी